नदीच्या बाजूची भिंत

मामंजी, काल दुपारी मी कंप्युटर लावला. तुमच्या गावात अजून बर्फ पडतोय. आपण जिथं थांबवलं होतं तिथंच सगळं उभं आहे. बैल गोठ्यात, लाकडं कोठारापाशी रचलेली, आणि नदीच्या बाजूला मी तुमच्या झोपेत बांधलेली ती दगडी भिंत. तिच्यावरून आपलं भांडण अर्धवट राहिलं. ते मिटवायला बसले आहे.

मिटवायचं म्हणजे मी एकटीच बोलणार. तसं तुम्ही असतानाही मीच जास्त बोलायचे. "वृंदा बोलत असली की पंखा बंद करत जा, हवा पुरेशी येते," असं तुम्ही नातीला, केतकीला सांगत होतात, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. सासरे म्हणून सोडून दिलं तेव्हा. नंतर खेळात तुमच्या गव्हाच्या शेतावर मेंढ्या सोडल्या, ते उगीच नाही.

केतकी पुण्याला शिकायला गेली तेव्हा तिचा जुना कंप्युटर इथंच राहिला. तुमच्या लेकाची, अनिरुद्धची बँकेतली बदली लखनौची, तो येणार शनिवारी. घरात आपण दोघंच. मी दीड वाजता शाळेतून यायचे, तेव्हा तुम्ही पुढच्या खोलीत खिडकीशी वाती वळत बसलेले असायचात. आधी हयातभर यजमानांच्या मागे धावलात. महाराष्ट्रातून येणाऱ्यांची श्राद्धं, पिंडदानं, गंगापूजन, दिवसाला चार-चार वेळा घाट उतरायचा आणि चढायचा. ते सगळं बंद झालं आणि वातींचा ढीग लागला. एवढ्या वाती की समोरच्या गल्लीतले लोक मागून न्यायला लागले.

त्या दिवशी मी केतकीचा तो खेळ पुसून टाकत होते. मुलांच्या निकालाची कामं करायला जागा हवी होती. तुम्ही मागून वाकून बघितलंत.

"हे कुठलं गाव?"

"गाव नाही, खेळ आहे. जुन्या काळातला युरोप. ओसाड जमिनीवर आधी गाव वसवायचं, मग वाढवायचं, मग राज्य करायचं."

"राज्य करायचं? मग पुसतेस कशाला, बावळट?"

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला बावळट म्हणालात. मला फार बरं वाटलं, खरं सांगते. तोपर्यंत सूनबाई होते.

मग रोज तीन ते पाच आपलं राज्य. माउस माझ्या हातात, बोट तुमचं. पडद्याला बोट लावू नका म्हणून मी किती वेळा सांगितलं. तुम्ही लावायचातच, आणि बोटाचं गंध बरोबर राजाच्या कोठीवर उमटायचं. "असू दे ना, बरकत होईल." खेळातल्या पाट्या इंग्रजीत, त्या मी वाचून दाखवायचे. तुमचं मराठी अर्धं हिंदीत बुडवलेलं आणि माझं अमरावतीचं. त्या बिचाऱ्या गोऱ्या शेतकऱ्यांना काय काय ऐकावं लागलं असेल.

तुमचा क्रम ठरलेला. आधी विहीर, मग देऊळ, मग बाकी. ते देऊळ नाही, चर्च आहे, असं मी दोनदा सांगितलं. "घंटा आहे ना? मग बस." चक्कीवाल्याला तुम्ही मिश्राजी म्हणायचात, कारण तो गल्लीतल्या मिश्राजींसारखा दिवसभर उभा राहून काही करायचा नाही. डुकरं पाळली की अन्न भराभर वाढतं, हे मी तुम्हाला नकाशासकट समजावलं. तुम्ही डोळे मिटून घेतलेत आणि म्हणालात, "ते सोडून काय आहे?" ते सोडून सलगम होतं. पहिला हिवाळा आपल्या प्रजेनं सलगम खाऊन काढला.

आणि पहिला राजा मेला तेव्हाची गंमत. म्हातारा होता, एका सकाळी पाटी आली की राजा गेला, त्याचा पुतण्या गादीवर. मी पुढं जायला बटण दाबणार तर तुम्ही माझा हात धरलात. आज नको म्हणालात. दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी बसले, तुम्ही वातीच वळताय. मी विचारलं तर म्हणालात, "सूतक आहे. सपिंड नाही, रक्ताचा नाही आपल्या, तीन दिवस पुरे." मला वाटलं थट्टा करताय. तुमच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. चौथ्या दिवशी स्नान करून आलात आणि म्हणालात, "आता लाव." मी शाळेत सगळ्यांना सांगितलं, सगळे हसले. आता तुमच्यासाठी आम्ही तेरा दिवस पाळले, तेव्हा कंप्युटरवर मीच चादर घातली होती. कुणी सांगितलं नव्हतं.

भांडण मात्र दर डावाला एकच. नदीची बाजू.

लुटारू नेहमी नदीतूनच यायचे. लांबट होड्या घेऊन यायचे, काठावरच्या झोपड्या पेटवायचे, कोठार फोडायचे. तीन बाजूंनी भिंत घालायला तुमची हरकत नव्हती. चौथी आली की तुमचं बोट आडवं. तिथं तुम्हाला पायऱ्या हव्या. खेळात घाट नव्हताच, तर दगडी वाटेचे तुकडे एकाखाली एक लावून मी तुम्हाला घाट करून दिला. त्यात पंधरा दिवस गेले.

"मामंजी, उघडं ठेवलं तर ते येणार. मागल्या वेळेला आले, त्याच्या आधी आले."

"येऊ देत ना. पुन्हा बांधू."

"माणसं मरतात तुमची."

"नदीवर भिंत घातली तर माणसं स्नानाला कुठून जातील?"

"ती माणसं स्नान करत नाहीत! खेळातली आहेत ती."

"पाणी तर भरतात."

मग मी आपल्या खिडकीतून बोट दाखवलं होतं. पलीकडे रामनगरचा किल्ला बघा म्हटलं, राजा होता, शहाणा होता, नदीच्या अंगाला कशी उंच भिंत घातली आहे. तुम्ही डोळे बारीक करून किल्ल्याकडे बघितलंत. मला वाटलं जिंकले.

"तो राजाचा आहे," तुम्ही म्हणालात. "राजाला भीती असते. गाव इकडे आहे. बघ गं, इतक्या वर्षांत इकडे कुणी भिंत घातली? भादव्यात गंगाजी गल्लीपर्यंत येते. आपण सामान माळ्यावर टाकतो, ती जाते, आपण जमीन धुतो. पण दार तिच्याकडेच."

मी भूगोल शिकवते. पुराबद्दल, काठाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी सांगितलं पण. तुम्ही ऐकून घेतलंत, आणि आपलं गाव पुन्हा जळलं.

आता जे बोलायचं राहिलं ते बोलते.

आपल्या घराचं खालचं दार बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर उघडतं. सत्तर वर्षं तुम्ही रोज पहाटे त्या दारानं उतरलात. दोन वर्षांपूर्वी कार्तिकात, पंचगंगेवर आकाशदिवे लागलेले, तुम्ही स्नान करून वर येत होतात आणि शेवाळावरून पाय गेला. मी वरून बघत होते. तुमचं कपाळ दगडावर आपटलं तो आवाज मला वरपर्यंत आला. सात टाके पडले, मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, पायऱ्या बंद. मी त्याच संध्याकाळी नवं कुलूप आणलं, खालच्या दाराला लावलं आणि किल्ली माझ्या शाळेच्या पर्समध्ये टाकली. अनिरुद्धला नंतर सांगितलं. तुम्हाला सांगितलंच नाही, तुम्ही बघितलंत.

कुलपाकडे बघितलंत आणि विचारलंत, "आज वरण करणार आहेस का?"

मुन्नू नाववाला सकाळी वरच्या गल्लीतून वळसा घालून पितळेची कळशी भरून आणायचा. दारातूनच ओरडायचा, "गुरुजी, गंगाजी आ गईं!" तुम्ही ते पाणी बादलीत ओतून न्हाणीघरात आंघोळ करायचात. मंत्र तेच. मला स्वयंपाकघरात ऐकू यायचे. आवाज जरा लहान झाला होता. मी स्वतःला सांगायचे, माणूस सुखरूप आहे ना, मग झालं.

मी काही इतकी भोळी नाही, मामंजी. दुसऱ्या-तिसऱ्या डावातच मला कळलं होतं की तुम्ही त्या खेळातल्या भिंतीबद्दल बोलत नाही आहात. कळलं, आणि मी कळलं नाही असं दाखवलं. तुम्ही दर वेळेला इतक्या सभ्यपणे विचारायचात, आणि मी दर वेळेला लुटारूंचं कारण द्यायचे. तुमच्या कपाळाचा तो आवाज माझ्या कानातून गेला नव्हता. भीती माझी होती, तुमच्या नावावर घातली मी.

तुम्हाला वाटलं असेल, अमरावतीची पोर, हिला गंगेचं काय. लग्नानंतर पहिल्यांदा तुम्ही मला खाली नेलं होतं ते मला आठवतं. मी पाण्याला भिऊन पायरीवर बसून राहिले. आमच्याकडे नदी म्हणजे आठ महिने वाळू. सासूबाई वरून हाका मारत होत्या, आटप म्हणून. तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे होतात. सुनेचा हात कसा धरायचा, म्हणून तुम्ही खांद्यावरचं उपरणं काढलंत आणि त्याचं एक टोक माझ्याकडे फेकलंत. "हे धर. दुसरं माझ्याकडे आहे." मी ते दोन्ही हातांनी धरून डुबकी मारली. नाकातोंडात पाणी गेलं. वर आले तर तुम्ही दुसरीकडे तोंड करून उभे होतात आणि उपरणं ताणून धरलेलं होतं. या गावात माझं कुणी नाही असं मला त्या दिवसानंतर वाटलं नाही. हे मी तुम्हाला एकोणीस वर्षांत सांगितलं नाही. सांगायला काय झालं होतं, देव जाणे.

शेवटच्या त्या दुपारी तुम्ही जेवून झोपलात आणि मी एकटीच बसले. दगड साठला होता. नदीच्या बाजूची भिंत घालून टाकली, टोकापासून टोकापर्यंत. तुमच्या पायऱ्या भिंतीच्या बाहेर राहिल्या. लुटारू आले आणि हात हलवत परत गेले. पहिल्यांदा आपल्या गावात एकही झोपडी जळली नाही. तुम्ही उठून आलात तेव्हा मी मोठ्या दिमाखात दाखवलं.

तुम्ही बराच वेळ बघितलंत. बायका कळशा घेऊन पूर्वेच्या वेशीतून बाहेर पडत होत्या आणि भिंतीला वळसा घालून, पार लांबून, पाण्यावर जात होत्या.

"छान बांधलीस," तुम्ही म्हणालात. मग पायऱ्यांच्या वर बोट ठेवलंत. "इथं एक दार ठेव. छोटंसं."

"उद्या ठेवते. आता दगड संपलाय."

दगड संपला नव्हता. तो बारीक आकडा तुम्हाला दिसत नव्हता, म्हणून बोलले.

चहा झाला. कप ठेवताना तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "वृंदा, एकदा खाली नेऊन आण मला. मुन्नूला सांग, दोघं मिळून धराल."

दोन वर्षांत पहिल्यांदा तुम्ही सरळ विचारलंत. बाहेर पौषाचं धुकं, समोरचा काठ दिसत नव्हता.

"थंडी कमी झाली की नेते, मामंजी. नक्की नेते."

"हो," तुम्ही म्हणालात. "थंडी आहे खरी."

तिसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात. तुमच्या उतरण्याच्या वेळेला.

अनिरुद्ध लखनौहून येईपर्यंत दहा वाजले. त्यानं आणि मुन्नूनं तुम्हाला स्नान घातलं. मणिकर्णिकेला नावेनं न्यायचं ठरलं, म्हणजे खालच्या दारानं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पर्समधून किल्ली काढली. कुलूप गंजून बसलं होतं. दोन वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. किल्ली फिरेना. मी तिथं पायरीवर बसून कुलूप हलवतेय आणि मागे तुम्हाला खांद्यावर घेऊन माणसं उभी. कुणीतरी मोहरीचं तेल आणलं. तेव्हा कुठं ते उघडलं. तुम्ही माझ्या शेजारून खाली गेलात.

मला वाटलं यापुढं वाईट काही नसेल. चौदाव्या दिवशी अनिरुद्ध लखनौला निघताना खिसे चाचपायला लागला आणि एक किल्ली काढून माझ्या हातात दिली. "बाबांच्या जानव्याला बांधलेली होती. आंघोळ घालताना काढून ठेवली. कपाटाची असेल बघ."

तुमच्या जानव्याला किल्ली असते हे मला माहीत होतं. पेटीची, देवघराची, जुन्या माणसांची सवयच ती. ही किल्ली नवी होती, पिवळी, लखलखीत. कपाट जुनं आहे.

नव्या कुलपाबरोबर दोन किल्ल्या आल्या होत्या. दुसरी मी खोक्यासकट खिडकीत ठेवली होती आणि मग हरवली म्हणून केतकीला फोनवर बोललेसुद्धा. मी खाली गेले, दाराला ते कुलूप पुन्हा लावून बघितलं. तुमची किल्ली लावली. उघडलं.

दोन वर्षं ती तुमच्या बंडीच्या आत होती. मी शाळेत असायचे सकाळी साडेसात ते दीड. मुन्नू होता. तुम्हाला कुणी अडवणार नव्हतं.

मी तशीच पायऱ्या उतरून मुन्नूकडे गेले. तो नावेतलं पाणी उपसत होता. विचारलं, "गुरुजी इधर कभी आए थे क्या? हमारे पीछे?"

"नहीं बहूजी. हम तो कितनी बार बोले कि चलिए, हम गोद में उठा लेंगे, बहूजी स्कूल में हैं, किसको पता चलेगा." त्यानं डबा खाली ठेवला. "बोले, ना मुन्नू. अब बहू का राज है. उसका हुकुम चलने दो."

मी तिथंच बसले. रडले म्हणण्यापेक्षा आधी रागावले तुमच्यावर. किल्ली होती तर जायचं होतं. नाही तर भांडायचं होतं, मोठ्यानं, खेळ मध्ये न आणता. माझ्यासमोर किल्ली टाकून म्हणायचं होतं, बावळट, मी चाललो. मी आरडाओरडा केला असता आणि तुमच्या मागून उतरले असते. एवढी वर्षं मला ओळखून तुम्हाला हे कळलं नाही?

मग वाटलं, कळलं असेल. मी मागून उतरले असते आणि प्रत्येक पायरीला माझा जीव गेला असता, हेही कळलं असेल. म्हणून तुम्ही किल्ली अंगावर बाळगलीत आणि माझं कुलूप मानलंत. मी तुम्हाला कोंडलं असं मी चौदा दिवस स्वतःला म्हणत होते. खरं म्हणजे तुम्ही रोज सकाळी ठरवून घरात राहत होतात. त्यानं माझी चूक कमी होत नाही. तुम्ही एकदा मागितलंत आणि मी थंडीचं कारण सांगितलं, ते माझ्याजवळ राहणार आहे. पण दुसरं टोक तुमच्याकडे होतं, तेव्हासारखंच, आणि तुम्ही तोंड फिरवून ते धरून ठेवलं होतंत. याबद्दल आभार कसे मानतात ते मला येत नाही.

तर काल दुपारी तीन वाजता चादर काढली. भिंत पाडणार होते सगळी. हात तिथपर्यंत गेला. मग आठवलं, तुम्ही भिंत पाड म्हणाला नव्हतात. माझी भीती तुम्ही राहू दिली होती. एक दार मागितलं होतं.

तुमच्या बोटाच्या खुणेवर, पायऱ्यांच्या बरोबर वर, दार ठेवलं. त्याला तीन बटणं असतात. कायम बंद, रात्री बंद, कायम उघडं. मी तिसरं दाबलं आणि काळ पुढं सोडला. पूर्वेच्या वेशीकडे निघालेली एक बाई मध्येच थांबली, वळली आणि तुमच्या पायऱ्या उतरून पाण्यापाशी गेली. मग दुसरी. मिश्राजीसुद्धा गेला, त्याला काही काम नव्हतं. थोड्या वेळानं बर्फ थांबला आणि लुटारू आले. त्यांनी दोन झोपड्या जाळल्या. मी मागचा साठवलेला डाव परत लावला नाही. पुन्हा बांधायला घेतल्या आहेत.

आज सकाळी कळशी नको म्हणून मुन्नूला सांगितलं. दोन्ही किल्ल्या खिडकीतल्या खिळ्याला अडकवल्या आणि खालचं दार उघडून ठेवलं. तुमचं उपरणं घेऊन पाचव्या पायरीपर्यंत उतरले, पाण्यात पाय घातले. धुकं नव्हतं, रामनगर स्वच्छ दिसत होतं.

मामंजी, थंडी कमी झाली आहे.